‘फाइफ झीरो नॉर्थ, झीरो टू झीरो वेस्ट’: समुद्रावरचं विमान आपला ठावठिकाणा कसा कळवतं

जमिनीवरून जाणाऱ्या मोठ्या विमानाला ‘मी कुठे आहे’ हे सहसा सांगावं लागत नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर त्याचा ठिपका सरकत असतो, शेजारी उंची आणि वेगही लिहून आलेला असतो. पण रडारला मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचं विमानसुद्धा साधारण साडेतीनशे-चारशे किलोमीटरपलीकडे गेलं की किनाऱ्यावरच्या रडारसाठी क्षितिजाखाली बुडतं. नेहमीच्या व्हीएचएफ रेडिओचंही तेच, कारण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडणारं विमान मधले कित्येक तास किनाऱ्यावरच्या रडारला दिसत नाही आणि व्हीएचएफवर ऐकूही येत नाही.

त्या तासांत कंट्रोलरला पूर्वी विमानं एकमेकांपासून लांब ठेवावी लागत ती केवळ वैमानिकांनी सांगितलेल्या आकड्यांवर. कोण कुठल्या बिंदूवर किती वाजता होतं, किती उंचीवर होतं, पुढच्या बिंदूवर किती वाजता पोचेल, एवढ्या माहितीवर हे काम चालायचं. या निरोपाला पोझिशन रिपोर्ट म्हणतात. तो वर्षानुवर्षं खरखरणाऱ्या रेडिओवरून, वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं एकमेकांना सांगत आली आहेत. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. कुठला अंक कितव्या जागी येणार हेसुद्धा आधीच ठरलेलं असतं.

उत्तर अटलांटिकवर पश्चिमेकडे निघालेल्या विमानाने शॅनविक या रेडिओ केंद्राला दिलेला रिपोर्ट साधारण असा असतो:

“शॅनविक रेडिओ, (विमानाचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव), पोझिशन, ५० नॉर्थ ०२० वेस्ट १२१५, फ्लाइट लेव्हल ३५०, एस्टिमेटिंग ५१ नॉर्थ ०३० वेस्ट १३०३, नेक्स्ट ५२ नॉर्थ ०४० वेस्ट.”

अर्थ असा: मी ५० अंश उत्तर अक्षांश, २० अंश पश्चिम रेखांश या बिंदूवर १२ वाजून १५ मिनिटांनी होतो. उंची सुमारे ३५,००० फूट. ५१ उत्तर, ३० पश्चिम इथे १३ वाजून ३ मिनिटांनी पोचेन. त्यानंतरचा बिंदू ५२ उत्तर, ४० पश्चिम. वेळ नेहमी यूटीसी, म्हणजे जगभर एकच. विमान तीन-चार टाइम झोन ओलांडत असताना स्थानिक वेळ सांगण्यात काही अर्थ नाही.

तिसऱ्या बिंदूची वेळ दिलेली नाही, हे लक्षात आलं का? ती लागतही नाही. तो बिंदू सांगायचा तो फक्त विमान पुढे कुठे वळणार आहे हे कंट्रोलरला पडताळता यावं म्हणून. दोघांच्या मनातला मार्ग एकच आहे ना, याची ती छोटीशी परीक्षा असते, आणि रिपोर्टमधला हाच भाग मला सर्वात हुशारीचा वाटतो.

आता अंकांकडे येऊ. अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात आणि तो ९० च्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे त्याचे पूर्ण अंश दोन अंकांत मावतात. रेखांश १८० पर्यंत जातो, म्हणून त्याला तीन अंकांची जागा. २० पश्चिम असेल तरी लिहायचं ०२०, आणि काटेकोर पद्धतीने म्हणायचंही ‘झीरो टू झीरो’. पुढचा शून्य शोभेचा नाही. अक्षांशाला दोन अंक आणि रेखांशाला तीन हे पक्कं ठरलेलं असल्यामुळे एखादा अंक खरखरीत हरवला तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. मोबाइल नंबर उतरवून घेताना एक आकडा कमी भरला की आपण ‘पुन्हा सांगा’ म्हणतो, तसंच. शून्य गाळायची मुभा असती तर ‘टू झीरो’ ऐकणाऱ्याने काय समजायचं? मुळात २०, की १२० मधला पहिला एक ऐकूच आला नाही?

प्रत्यक्षात रेडिओवर ‘फिफ्टी नॉर्थ ट्वेंटी वेस्ट’ असंही भरपूर ऐकू येतं. आवाज स्वच्छ असेल तर त्याने कुणाचं अडत नाही. पण शंका आली की सगळे सुट्या अंकांवर येतात, कारण ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ यांच्यातला फरक एका व्यंजनाचा आहे, आणि खराब रेडिओ नेमकं तेच खातो.

सुट्या अंकांचे उच्चारही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, ठरवून दिलेले आहेत. तीनला ‘थ्री’ नाही, ‘ट्री’. चारला ‘फोअर’, उच्चाराचे दोन्ही तुकडे ठासून. पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’. इंग्रजीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांच्यातला स्वर एकच आहे. मागचं-पुढचं व्यंजन पुसलं गेलं की दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून एकाचा शेवट बदलला आणि दुसऱ्याला उच्चाराचा एक तुकडा जास्त जोडला. ‘थ’चा उच्चार जगातल्या बऱ्याच लोकांच्या तोंडात बसत नाही, म्हणून ‘ट्री’. नव्याने ऐकणाऱ्याला हे सगळं जरा नाटकी वाटतं. एचएफवर, म्हणजे समुद्रावर वापरायच्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर, दहा मिनिटं कान देऊन ऐकलं की वाटेनासं होतं.

दिशा मात्र अक्षराने सांगत नाहीत, पूर्ण शब्दच वापरतात: नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट. आणि ती आकड्यानंतर येते. नॉर्थ-साउथमध्ये गफलत सहसा होत नाही. ईस्ट आणि वेस्ट यांचा शेवट मात्र सारखा आहे, आणि एकदम सारखा. अटलांटिकच्या मधोमध त्याचा त्रास नाही, कारण तिथे सगळंच वेस्ट असतं. पॅसिफिकमध्ये १८० अंशांच्या रेषेजवळ परिस्थिती वेगळी आहे. १७५ ईस्ट आणि १७५ वेस्ट हे दोन्ही बिंदू मार्गावर असू शकतात, आकडे तेच, आणि विषुववृत्तावर त्यांच्यात ६०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे ११०० किलोमीटरहून जास्त अंतर. शिवाय पूर्वेकडे जाताना रेखांशाचा आकडा आधी वाढत जातो आणि ती रेषा ओलांडली की कमी व्हायला लागतो. तिथे ‘पुढचा आकडा मोठा असणार’ या अंदाजावर राहून चालत नाही.

नॉटिकल मैल हे एकक इथे फार सोयीचं पडतं. अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. हे कोनाचं मिनिट, घड्याळाचं नव्हे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश सरकलं की ६० मैल, अर्धा अंश म्हणजे ३० मैल, कागद-पेन्सिल न घेता हिशेब. रेखांशाचं असं नाही, कारण त्या रेषा ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. ६० अंश अक्षांशावर रेखांशाच्या एका अंशाचं अंतर विषुववृत्तावरच्या निम्मंच उरतं. वरच्या उदाहरणातल्या ५० उत्तरच्या आसपास दहा रेखांश म्हणजे अंदाजे ३८५ मैल, जेट विमानाला पाऊण तासापेक्षा थोडं जास्त. १२१५ नंतर १३०३ का, ते यावरून कळेल.

अटलांटिकवरचे रिपोर्ट साधारण दर दहा रेखांशांना का द्यायचे, तेही यातूनच दिसतं. दोन रिपोर्टच्या मधे फार वेळ गेला तर चूक उशिरा सापडेल, आणि फार लवकर लवकर दिले तर रेडिओ तुंबेल. खूप उत्तरेला, ७० अंशांच्या वर, रेखांश इतके जवळ येतात की तिथे वीस-वीस अंशांनी रिपोर्ट दिला तरी पुरतो. उलट उत्तर-दक्षिण जाणारं विमान असेल तर बिंदू अक्षांशाच्या ठरलेल्या अंतराने येतात. नियम असा की ज्या रेषा विमान कापत जातं तो आकडा पूर्ण अंशात, आणि ज्या दिशेत ते इकडे-तिकडे असू शकतं तो आकडा अंश आणि मिनिटांत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याचा रेखांश गोल आकडा, अक्षांशात मिनिटं असू शकतात. म्हणजे ‘फाइफ टू ट्री झीरो नॉर्थ, झीरो फोअर झीरो वेस्ट’: ५२ अंश ३० मिनिटं उत्तर, ४० पश्चिम.

इथे एक खड्डा आहे. आपण फोनवरच्या नकाशात अंश दशांशात बघतो. ५२.३० अंश आणि ५२ अंश ३० मिनिटं एकच नव्हेत. अर्धा अंश दशांशात ५२.५ होतो, आणि ५२.३० अंश म्हणजे ५२ अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा, म्हणजे १२ नॉटिकल मैल, २२ किलोमीटर. वैमानिक अंश आणि मिनिटं वापरतात, आणि जास्त बारकावा हवा असेल तर मिनिटांचा दशांश. सेकंद रेडिओवर जवळजवळ कुणी सांगत नाही, कारण तीस मीटरची अचूकता तोंडी निरोपात कुणाला हवी आहे?

अर्ध्या अंशाचे बिंदू एके काळी अटलांटिकच्या मुख्य मार्गांवर नव्हते. शेजारशेजारचे मार्ग एक-एक अंश, म्हणजे ६० मैल अंतराने आखले जात. उपग्रहावरून दिशादर्शन अचूक झालं, डेटालिंक, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यात न बोलता संदेश पाठवायची सोय, आली, आणि २०१५ नंतर काही मार्ग अर्ध्या अंशावर आणण्यात आले. विमानं जास्त मावू लागली, अंकांची मात्र पंचाईत झाली.

विमानातल्या संगणकात बिंदूचं नाव पाच अक्षरांचं असतं. ५२ उत्तर, ०४० पश्चिम हा बिंदू तिथे ‘५२४०एन’ असा साठवतात: अक्षांशाचे दोन अंक, रेखांशाचे शेवटचे दोन, आणि एक अक्षर. ते अक्षर ‘एन’ असेल तर उत्तर अक्षांश आणि पश्चिम रेखांश, ‘ई’ असेल तर उत्तर आणि पूर्व, ‘एस’ म्हणजे दक्षिण-पूर्व, ‘डब्ल्यू’ म्हणजे दक्षिण-पश्चिम. रेखांश शंभर किंवा त्याहून मोठा असेल तर तेच अक्षर शेवटी न येता मध्ये, तिसऱ्या जागी येतं. १७५ चा ‘एक’ कुठे गेला तर तो अक्षराच्या जागेत लपला. इथपर्यंत सगळं नेटकं आहे, कौतुक करण्यासारखं आहे.

मग अर्ध्या अंशासाठी काय केलं? तेच अक्षर उचलून पुढे ठेवलं. ‘५२४०एन’ म्हणजे ५२ अंश, आणि ‘एन५२४०’ म्हणजे ५२ अंश ३० मिनिटं. अक्षरं तीच, अंक तेच, फक्त जागा बदलली, आणि समुद्रावर ५५ किलोमीटरचा फरक. रात्री तीन वाजता, झोपेच्या अंमलाखाली हे टाइप करायचं आहे, याचा विचार करताना कुणीतरी चहा प्यायला गेलं असावं. पुढे उत्तर अटलांटिकवर अर्ध्या अंशाच्या बिंदूंसाठी ‘एन’ऐवजी ‘एच’ने सुरू होणारी नावं वापरायची शिफारस झाली, ती याच घोळामुळे. दुसरी अडचण पडद्याची. काही विमानांत नकाशावर बिंदूचं आखूड नाव दिसतं आणि मिनिटं गाळलेली असतात. ५२ आणि ५२ अंश ३० मिनिटं हे दोन्ही बिंदू एकाच नावाने दिसतात. म्हणून वैमानिकांना सांगितलेलं असतं की नावावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक बिंदूचे पूर्ण अंश-मिनिटं उघडून बघा, आणि दोघांनी स्वतंत्रपणे बघा.

फ्लाइट प्लॅनमध्ये मात्र हा घोळ नाही. तिथे पूर्ण अंशाचा बिंदू सात अक्षरांत लिहितात: ५२एन०४०डब्ल्यू, यात ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर. मिनिटांसकट असेल तर अकरा अक्षरं: ५२३०एन०४०००डब्ल्यू. आधीचा शून्य, अंकांची संख्या, दिशा, सगळं उघड. जागा मिळाली की माणसं नीट लिहितात.

हा निरोप ऐकतं कोण? पलीकडे कंट्रोलर आहे असं आपण समजतो, पण एचएफवर बहुतेक वेळा रेडिओ ऑपरेटर असतो. एचएफच्या लहरी वरच्या वातावरणातल्या आयनोस्फिअरवरून परावर्तित होतात, म्हणून हजारो किलोमीटर पोचतात, आणि म्हणूनच खरखर, ओढाताण, मधूनच दुसऱ्या खंडातल्या संभाषणाचा आवाज. दिवसा वरच्या फ्रीक्वेन्सी चालतात, रात्री खालच्या. शॅनविक हे नाव शॅनन आणि प्रेस्टविक या दोन नावांचं मिळून झालेलं आहे: रेडिओ केंद्र आयर्लंडमध्ये बॅलिगिरीनला, कंट्रोलर स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला. ऑपरेटर रिपोर्ट टाइप करतो आणि संदेश कंट्रोलरकडे जातो.

म्हणून सगळा रिपोर्ट ऑपरेटर परत वाचून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. वैमानिकाने ऐकायचं, चूक असेल तर दुरुस्त करायचं. क्लिअरन्स, म्हणजे ठरावीक मार्गाने जायची परवानगी, रेडिओवरून मिळते तेव्हा हेच उलट्या दिशेने घडतं: मार्गातला प्रत्येक बिंदू अक्षांश-रेखांशांसकट वैमानिकाने परत म्हणून दाखवायचा. ‘तो नेहमीचा मार्ग’ म्हणून भागत नाही. सतत ती खरखर कानात घालून बसायला नको म्हणून सेलकॉल नावाची सोय आहे. प्रत्येक विमानाचा चार अक्षरांचा कोड असतो, केंद्राने त्या सुरांचा इशारा पाठवला की कॉकपिटमध्ये घंटी वाजते. अटलांटिकवर पहिल्यांदा संपर्क झाला की वैमानिक आधी सेलकॉल चेक मागतो. नाहीतर आठ तास हेडफोन कानाला चिकटवून बसावं लागेल.

छोटी विमानं यातलं फारसं काही करत नाहीत. जमिनीवरून उडताना ठिकाणाचं नाव, एखाद्या रेडिओ केंद्रापासूनची दिशा आणि अंतर, किंवा ठरलेल्या पाच अक्षरी बिंदूचं नाव सांगणं सोपं जातं. उच्चारता येण्याजोगी पाच अक्षरं मुद्दाम त्यासाठीच बनवलेली असतात.

पण एवढं सगळं पाळूनही एक भोक उरतं, आणि ते मोठं आहे. रिपोर्टमध्ये विमान जिथे आहे ते येत नाही. वैमानिकाला, किंवा त्याच्या संगणकाला, आपण जिथे आहोत असं वाटतं ते येतं.

१० मार्च २०१५ ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका एअरबस ए-३३० मध्ये उड्डाणापूर्वी संगणकाला सुरुवातीची जागा टाइप करून दिली. रेखांश हवा होता १५१ अंश ९.८ मिनिटं पूर्व, म्हणजे १५१०९.८. टाइप झालं ०१५१९.८, म्हणजे १५ अंश १९.८ मिनिटं. अंकांची संख्या बरोबर, पद्धत बरोबर, आकडा पूर्णपणे वैध. विमानाच्या मते ते केपटाउनच्या पश्चिमेला समुद्रात उभं होतं. चूक अकरा हजार किलोमीटरहून जास्त. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या अहवालात हे आकडे नोंदवलेले आहेत. विमान सिडनीला परतू शकलं नाही, मेलबर्नला उतरलं. सुदैवाने खाली रडार होतं, कंट्रोलर बघत होते. मोकळ्या समुद्रावर हेच झालं असतं तर?

तेही होऊन गेलं आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अँकरेजहून सोलला जात होतं. ते ठरलेल्या मार्गापासून हळूहळू उत्तरेला सरकत गेलं आणि शेकडो किलोमीटर बाजूला, सोव्हिएत हद्दीत शिरलं. तिथे ते पाडण्यात आलं. २६९ माणसं गेली. या सगळ्या वेळात कॉकपिटमधून ठरलेल्या बिंदूंचे रिपोर्ट जात होते. निप्पी हा बिंदू ओलांडल्याचं टोकियोला कळवलं गेलं होतं. वेळा पटण्यासारख्या होत्या, कारण पुढच्या दिशेत विमान साधारण तेवढंच अंतर कापत होतं, चूक बाजूच्या दिशेत होती. काही निरोप तर अँकरेजला थेट पोचलेच नाहीत, मागून येणाऱ्या त्याच कंपनीच्या ०१५ या विमानाने ते पुढे पोचवले. एका विमानाचा आवाज पोचतो आणि दुसऱ्याचा पोचत नाही, तर ते दुसरं कुठे आहे? तो प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही. ऐकणाऱ्याला रिपोर्ट व्यवस्थित दिसत होता.

आजच्या पद्धतीत रेडिओवर बोलणं बरंच कमी झालं आहे. एडीएस-सी नावाच्या यंत्रणेत विमान ठरावीक वेळेने आपली जागा, उंची, पुढचा बिंदू आणि त्याच्या पुढचा बिंदू उपग्रहामार्फत आपणहून पाठवतं. रचना ओळखीची आहे ना? तोंडी रिपोर्टचेच रकाने. २०१९ पासून उत्तर अटलांटिकवर विमानं आपली जागा सांगणारे जे एडीएस-बी संदेश सतत प्रसारित करतात, ते इरिडियम उपग्रहांवरच्या रिसीव्हरनी थेट अवकाशातून टिपले जातात, त्यामुळे कंट्रोलरला तिथेही विमान सरकताना दिसू लागलं. डेटालिंक बंद पडली तर मात्र एचएफ, सुटे अंक आणि रीडबॅक, पुन्हा तेच.

आणि संगणकात बिंदूच चुकीचा भरला गेला तर? आता विमान महासागरी हद्दीत शिरतं तेव्हा कंट्रोल केंद्राचा संगणक त्याला डेटालिंकवर संदेश पाठवतो: तुमचा ठरलेला मार्ग कळवा. वैमानिक बटण दाबतो आणि विमानाच्या संगणकात प्रत्यक्ष भरलेले सगळे बिंदू, मिनिटांसकट, परत जातात. जमिनीवरचा संगणक ते दिलेल्या क्लिअरन्सशी ताडून बघतो. ‘५२४०एन’च्या जागी ‘एन५२४०’ पडलेलं असेल तर ते तिथे पोचायच्या आधीच, बहुधा तासाभर आधी, कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा येतो, आणि तो वैमानिकाला विचारतो की ४० पश्चिमला तुमचा अक्षांश नेमका कोणता.